आमिश प्रेमकथांचं आमिष

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला वेळ नसेल तर ऐका.)

आज बरंच लांब जायचंय आपल्याला, थेट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. पण घोडागाडीने जायचंय, त्यामुळे घाई नाही. बसमध्ये असाल तर खिडकी पकडा. भांडी घासत असाल तर नळ जरा बारीक करा, नाहीतर माझा आवाज येणार नाही.

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवूया. आपल्याकडे कुणाला 'आमिशची पुस्तकं' म्हटलं की 'मेलुहा'वाले अमीश त्रिपाठी आठवतात. त्यांचा आजच्या विषयाशी काहीही संबंध नाही. आणि मराठीत 'आमिष' म्हणजे गळाला लावतात ते. त्याचा मात्र आजच्या विषयाशी थोडासा संबंध आहे. तो कसा, ते पुढे सांगते.

तर विषय असा. अमेरिकेत प्रेमकथांचा एक भलामोठा कप्पा आहे. मुखपृष्ठ बघितलं की लगेच ओळखू येतं. हिरवंगार शेत, मागे लाल किंवा पांढरं कोठार, लांबवर एक घोडागाडी, आणि पुढे एक तरुणी. अंगात साधा, एकरंगी, लांब झगा आणि डोक्यावर पांढरी कापडी टोपी. नजर खाली किंवा क्षितिजाकडे. तुमच्याकडे बघत नाही ती. या आमिश प्रेमकथा. दुकानात त्या 'इन्स्पिरेशनल' या पाटीखाली असतात. आपल्याकडे इन्स्पिरेशनल म्हटलं की पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तिकडे त्याचा अर्थ ख्रिस्ती श्रद्धा कथेच्या मध्यभागी असलेलं पुस्तक. त्यात प्रेम आहे, विरह आहे, लग्न आहे. बेडरूम नाही. अडीचशे पानं थांबलात तर एक चुंबन मिळतं, आणि तेही बहुतेक वेळा साखरपुड्यानंतर.

थट्टेने लोक या पुस्तकांना 'बॉनेट रिपर' म्हणतात. अंगावरचे कपडे टराटरा फाटतात अशा भडक प्रेमकथांना इंग्रजीत 'बॉडिस रिपर' म्हणतात, त्यावरून केलेली ही कोटी. गंमत म्हणजे इथे बॉनेट कधीच फाटत नाही. फार तर त्याची नाडी सैल होते.

मी ही पुस्तकं फोनवर वाचते. रात्री, झोपायच्या आधी, अंधारात, स्क्रीनच्या उजेडात. ज्यांच्या घरी वीज नाही अशा माणसांच्या गोष्टी मी बॅटरी अकरा टक्के असताना वाचते. यातला विनोद मला कळतो. पण मग प्रश्न पडतोच ना, की हे इतकं आवडतं का?

आधी ही माणसं कोण

सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात मोठी उलथापालथ चालू होती. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही लोकांनी एक वेगळीच भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं असं की बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही. माणूस मोठा झाला, त्याला समजायला लागलं, की त्याने स्वतः ठरवून बाप्तिस्मा घ्यावा. या लोकांना ॲनाबाप्टिस्ट म्हणतात. त्यांचा प्रचंड छळ झाला. कुणाला बुडवलं, कुणाला जाळलं. त्यांच्यातले बरेच जण पुढे मेनोनाइट म्हणून ओळखले जाऊ लागले.

१६९३ मध्ये या मंडळींमध्ये आपसात भांडण झालं. याकोब अमान नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं असं, की जो माणूस बाप्तिस्म्याची शपथ मोडतो त्याच्याशी आपण जास्त कडक वागलं पाहिजे. त्याच्याबरोबर जेवायचंसुद्धा नाही. इतरांना हे पटलं नाही. फूट पडली, आणि अमानच्या बाजूने जे गेले ते आमिश. म्हणजे हा पंथ जन्मालाच आला तो माणसाला वाळीत किती कडक टाकायचं या भांडणातून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे आणि ती साधारण वीस वर्षांत दुप्पट होते, कारण एकेका घरात सहा-सात मुलं. पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर, ओहायोतलं होम्स काउंटी आणि उत्तर इंडियाना ही त्यांची मोठी ठिकाणं. घरात बोलतात ती जर्मनची एक बोली, तिला पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात. शाळा आठवीपर्यंत. त्यावरून खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये कोर्टाने आमिश पालकांच्या बाजूने निकाल दिला.

चर्चची इमारत नसते. दर दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते. पंचवीस ते चाळीस कुटुंबांचा एक गट असतो आणि त्या गटाचे स्वतःचे नियम असतात, त्यांना 'ऑर्डनुंग' म्हणतात. झग्याचा रंग, टोपीच्या चुण्या, गाडीला कुठला दिवा चालेल, सगळं त्यात येतं.

सोळाव्या वर्षाच्या आसपास मुलामुलींना थोडी मोकळीक मिळते. तिचं नाव 'रुमस्प्रिंगा'. टीव्हीवर याची दारू आणि धिंगाणा अशी रूपं दाखवतात, पण बहुतेकांसाठी ती रविवारी संध्याकाळी एकत्र जमून गाणी म्हणणं, व्हॉलीबॉल खेळणं आणि मग मुलाने आवडत्या मुलीला घोडागाडीतून घरी सोडणं, इतकी साधी असते. त्यानंतर ठरवायचं: बाप्तिस्मा घ्यायचा की बाहेर पडायचं. साधारण ८५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलंमुली राहतात. आणि एकदा बाप्तिस्मा घेतला की परत फिरणं नाही. लग्नासाठी बाप्तिस्मा हवाच, आणि घटस्फोट त्यांच्यात चालत नाही.

आता मला सांगा, प्रेमकथा लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला कच्चा माल कुठे मिळणार?

पुस्तकांची गाडी सुटली कधी

आमिश मुलीची गोष्ट सांगणारी कादंबरी पहिल्यांदा आली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. हेलन मार्टिन यांची 'सबीना' १९०५ ची. पण आज आपण ज्या लाटेबद्दल बोलतोय ती सुरू झाली १९९७ मध्ये, बेव्हर्ली लुईस यांच्या 'द शनिंग'पासून. लुईस लँकेस्टरच्याच. त्यांची आजी अशाच एका साध्या राहणीच्या, जुन्या वळणाच्या मेनोनाइट घरातून प्रेमलग्नासाठी बाहेर पडलेली. म्हणजे गोष्ट घरातच होती.

कथा थोडक्यात सांगते, शेवट सांगत नाही. केटी लॅप नावाची मुलगी. तिचं लग्न एका विधुर बिशपशी ठरलंय. तिला गाण्याचं वेड, आणि जी गाणी तिला आवडतात ती तिच्या समाजात चालत नाहीत. एक दिवस माळ्यावर तिला बाळाचा एक सॅटिनचा झगा सापडतो. सॅटिन! आमिश घरात! मग कळतं की ती या घरात जन्मलेलीच नाही, तिला दत्तक घेतलंय. आता ती कोण? ज्या समाजाने वाढवलं त्याची, की जिने जन्म दिला तिची? ती हट्टाला पेटते आणि तिला वाळीत टाकतात. पुस्तकाचं नावच ते आहे.

या पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. मग वँडा ब्रन्स्टेटर आल्या, सिंडी वुडस्मॉल आल्या, आणि मग रांगच लागली. आपल्याकडच्या मिल्स अँड बून पुस्तकांची मालक असलेली हार्लेक्विन कंपनी, तिच्या श्रद्धेच्या कथांच्या मालिकेतही आमिश नायिका आल्या. व्हॅलरी वीव्हर-झर्चर या मेनोनाइट पार्श्वभूमीच्या लेखिकेने २०१३ मध्ये या सगळ्या प्रकारावर एक अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं. त्यांच्या मोजणीनुसार २०१२ या एका वर्षात अशा ८५ कादंबऱ्या आल्या. म्हणजे साधारण दर चार दिवसांना एक. त्याच सुमारास 'आमिश व्हॅम्पायर्स इन स्पेस' नावाची कादंबरीसुद्धा आली. मी थट्टा करत नाहीये, खरंच आहे. एखाद्या प्रकाराची अशी फिरकी निघाली की समजायचं, त्याने बाजार जिंकलाय.

आणि लिहिणाऱ्या? बहुतेक जणी आमिश नाहीत. वाचणाऱ्या? मोठ्या संख्येने अमेरिकेतल्या श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्रिया, बऱ्याचशा मध्यमवयीन. लिंडा बायलर यांच्यासारख्या स्वतः आमिश असलेल्या लेखिका फार थोड्या. म्हणजे गोष्ट आमिशांची, पण सांगणारी बाहेरची आणि ऐकणारीही बाहेरची.

मग आवडतं काय

नेहमीचं उत्तर असं मिळतं की या कथा स्वच्छ असतात. हे खरंच आहे. आई वाचते, मुलीला देते, मुलगी आजीला देते. कुणालाच कव्हरवर वर्तमानपत्र चढवावं लागत नाही. वीव्हर-झर्चर यांनीही हे एक कारण मानलंय: आजूबाजूला सगळीकडे शरीराचं प्रदर्शन चालू असताना ही पुस्तकं श्वास घ्यायला जागा देतात. दुसरं कारण त्या सांगतात ते वेगाचं. सगळं इतकं भराभर चाललंय की घोडागाडीच्या वेगाने चालणारी गोष्ट औषधासारखी लागते.

पण मला वाटतं, कथा म्हणून बघितलं तर आणखी एक कारण आहे, आणि ते फार व्यावहारिक आहे. प्रेमकथेला अडथळा लागतो. दोघं भेटली, आवडली, एकत्र राहायला लागली, यात गोष्ट कुठे आहे? आजच्या अमेरिकन शहरात दोन प्रौढ माणसांच्या प्रेमाला अडवणारं फारसं कुणी उरलेलं नाही. नाही जमलं तर डावीकडे स्वाइप. आमिश गावात मात्र प्रत्येक गोष्टीला वजन आहे. त्याच्या गाडीत बसलीस, हे चार घरांना दिसतं. बाहेरच्या मुलाशी बोललीस, तर प्रश्न फक्त 'तो आवडतो का' एवढा राहत नाही, 'मी इथे राहणार का' असा होतो. प्रेमात पडणं म्हणजे आपण कुठल्या माणसांचे, हे ठरवणं. म्हणून त्या अडीचशे पानांनंतरच्या एका चुंबनाला किंमत येते.

थोडक्यात, अमेरिकन लेखिकेला अडथळा शेजारच्या गावातून आणावा लागतो. आपल्याकडे, काय सांगू, देशी उत्पादन भरपूर आहे. जात आहे, पोटजात आहे, गोत्र आहे, पत्रिका आहे, 'लोक काय म्हणतील' आहे. म्हणूनच मी पहिली आमिश कादंबरी वाचली तेव्हा मला ती परदेशी वाटलीच नाही. अरेच्चा, हे तर ओळखीचं आहे, असं झालं.

आणि तपशील! यातली अर्धी मजा तपशिलांची. लँकेस्टरमधली लग्नं बहुतेक नोव्हेंबरात, पिकं घरी आली की. बरीचशी मंगळवारी किंवा गुरुवारी. अंगठी नाही, फोटो नाहीत. नवरी आपला झगा आपणच शिवते, बरेचदा निळा, आणि तोच पुढे चर्चला वापरते. जेवणात सेलरी हवीच. इतकी, की एखाद्या घरी त्या वर्षी सेलरीचे वाफे जरा जास्तच लावलेले दिसले तर शेजारी समजून जातात की यांच्या मुलीचं यंदा नक्की! आपल्याकडे पापड-कुरडयांचा घाट मोठा दिसला की आळीतल्या बायकांना वास लागतो ना, अगदी तसंच.

फोनचं खोपटं

आता तुमच्या-माझ्या हातातल्या वस्तूकडे येऊ. सगळ्यांना वाटतं आमिश लोक यंत्रांना घाबरतात. तसं नाहीये. लँकेस्टरच्या आमिशांनी १९१० च्या सुमारास ठरवलं की घरात टेलिफोन नको. पण टेलिफोन वाईट आहे असं नाही म्हणाले. घरात नको म्हणाले. घरात फोन आला की माणसं एकमेकांकडे जायची थांबतील, समोरासमोर बसून बोलणं कमी होईल, ही धास्ती. मग पुढे मधला मार्ग निघाला. शेताच्या कडेला किंवा रस्त्याच्या टोकाला एक छोटं लाकडी खोपटं, त्यात फोन. दोन-चार घरांत मिळून एक. डॉक्टरला बोलवायचंय, दुधाच्या गाडीला निरोप द्यायचाय, तर चालत जा आणि कर फोन. जेवताना मात्र तो वाजणार नाही.

आज बऱ्याच आमिश घरांत गॅसवर चालणारे फ्रिज आहेत, काहींकडे सोलर पॅनल आहेत. धंदा करणाऱ्यांकडे मोबाइल असतात, आणि काही तरुण मुलांच्या खिशात स्मार्टफोनही असतो. वाद चालूच असतात. पण प्रश्न विचारायची त्यांची रीत मला महत्त्वाची वाटते. 'ही वस्तू भारी आहे का?' असं ते विचारत नाहीत. 'ही आली तर आपण एकमेकांचे राहू का?' असं विचारतात, आणि ते सगळ्यांनी बसून ठरवतात.

आपण हा निर्णय एकेकट्याने घेतो, आणि तोही रात्री दीड वाजता, 'उद्यापासून इन्स्टा बंद' म्हणत. उद्या काय होतं, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मला वाटतं वाचणाऱ्याला खरी भूक त्या घोडागाडीची नसतेच. मागच्या वर्षी मी पुण्यात एका खोलीत राहत होते. ताप आला. तीन दिवस दार बंद. फोनवर सगळं चालू होतं. कुणाच्या तरी रीलला हसू, कुणाला तरी अंगठा. त्यामुळे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. चौथ्या दिवशी डब्यावाल्या काकूंनी विचारलं, "काय गं, तीन दिवस डबा तसाच परत. बरी आहेस ना?" मला त्या एका वाक्याने रडू आलं. कुणालातरी आपण नसल्याचं कळलं, एवढंच झालं होतं.

आमिश कादंबरीत हे प्रत्येक पानावर होतं. नायिका रविवारी दिसली नाही तर सोमवारी दारात सूप घेऊन कुणीतरी उभं. कोठार जळलं तर आठवड्याभरात गाव जमून नवं उभं करतं. हे खरोखर होतं, लेखिकेने रंगवलेलं नाही. बहुतेक आमिश लोक बाजारातला विमा घेत नाहीत. दवाखान्याचं बिल मोठं झालं की समाज वर्गणी काढतो. २ ऑक्टोबर २००६ ला लँकेस्टर काउंटीतल्या निकल माइन्स इथल्या आमिश शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. त्याने स्वतःलाही संपवलं. आणि त्याच दिवसांत आमिश शेजारी त्या मारेकऱ्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या घरी गेले, आम्ही क्षमा केली आहे असं सांगायला. त्याच्या दफनालाही गेले. जगभर ही बातमी गेली. आमिश कादंबऱ्यांची मोठी लाट त्यानंतरच्या वर्षांत आली. हातात स्मार्टफोन आले आणि २००८ ची मंदी आली, त्याच काळात. एकाच कारणाने झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या काळात लोकांना धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, एवढं तर दिसतंच.

आणि आता 'वाळीत' हा शब्द

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, चला, लँकेस्टरचं तिकीट काढूया. थांबा जरा.

'शनिंग'ला मराठीत शब्द शोधायची गरजच पडत नाही. तो तयार आहे. अमेरिकन वाचकासाठी ती एक गूढ, जुनी, थोडी रोमँटिक शिक्षा आहे. आपल्यासाठी 'वाळीत टाकणं' ही वर्तमानपत्रातली बातमी आहे. माझी आजी तिच्या माहेरच्या गावातल्या एका घराबद्दल सांगायची. मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्या घराशी बोलणं बंद. लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही. आजी म्हणायची, "त्यांच्या अंगणात हळद वाळत असायची गं, पण कुणी विचारायचं नाही की किती निघाली."

हे फार जुनं नाही. जातपंचायतींचे असे निवाडे आजही होतात. म्हणून तर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला, २०१७ मध्ये लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. फरक मोठा आहे. आमिशांमध्ये शपथ घेतलेल्या माणसालाच वाळीत टाकतात. बाप्तिस्म्याआधी जो बाहेर पडला, त्याच्यावर बंधन नाही. तो रविवारी आईकडे जेवायला येऊ शकतो. शपथ मोडणाऱ्याला वेगळ्या टेबलावर जेवायला बसवतात, त्याच्या हातून वस्तू घेत नाहीत, पण चूक मान्य करून तो परत येऊ शकतो. जात मात्र कुणी शपथ घेऊन स्वीकारत नाही. ती जन्मताच चिकटते, आणि बाहेर पडायचं दार कुठे आहे तेही कुणी सांगत नाही.

तरीही, वेगळ्या टेबलावर बसून आईच्या हातची भाजी खाणाऱ्या मुलीच्या घशात काय होत असेल, हे कळायला जर्मन यावं लागत नाही. आणि अठराव्या वर्षी, आठवीपर्यंत शिकून, सगळं गणगोत एका बाजूला असताना घेतलेल्या शपथेला आपण कितपत 'स्वतःचा निर्णय' म्हणायचं? १९७२ च्या त्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत देताना नेमका हाच मुद्दा काढला होता: पालकांचं ऐकलंत, मुलांना काय हवंय ते विचारलंत का?

इथे मी 'आमिष' या शब्दाकडे परत येते. आमिश प्रेमकथा आपल्याला गावाची ऊब दाखवतात. पंचायत दाखवतात, पण तिचा चटका फार वेळ जाणवू देत नाहीत. शेवटी बिशप मवाळ होतो, बाप रडतो, नायिकेला तिचा माणूस मिळतो आणि बहुतेक वेळा गावही मिळतं. खऱ्या आयुष्यात या दोन्हींतलं एकच मिळतं, असं पुष्कळदा होतं. सलोमा मिलर फर्लाँग यांचं २०११ चं आत्मकथन आहे, आपण आमिश समाज का सोडला याबद्दल. त्यात घरातली हिंसा आहे, गप्प बसवणं आहे, आणि तरीही सोडून आलेल्या माणसांची ओढ आहे. मुखपृष्ठावरची मुलगी क्षितिजाकडे बघत असते. फर्लाँग त्या क्षितिजापलीकडे जाऊन तिथून लिहितात.

मग वाचायच्या की नाही

वाचा की! मी वाचतेच. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये प्रेमकथा वाचणाऱ्या अमेरिकन गृहिणींवर एक पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी त्यांना सांगितलं होतं की कथेइतकंच महत्त्वाचं असतं ते पुस्तक हातात घेऊन बसणं. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावरची ती एकमेव वेळ स्वतःची असते. म्हणजे आमिश कादंबरी वाचणारी बाई एकाच वेळी दोन गोष्टी मागत असते. सगळ्यांनी मला धरून ठेवावं, आणि अर्धा तास मला कुणी हाक मारू नये. मला यात लबाडी वाटत नाही. तुम्हाला-मला हेच तर हवं असतं.

आपल्या आजीच्या गावात धरून ठेवणं होतं, अर्धा तास नव्हता. आपल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये अर्धे तासच अर्धे तास आहेत, धरणारं कुणी नाही. प्रेमकथा म्हणते दोन्ही मिळेल. ती हे खोटं बोलत असली, तरी ज्या भुकेमुळे आपण तिच्यावर विश्वास ठेवतो ती खरी आहे. म्हणून पुस्तक मिटल्यावर मी एक प्रश्न स्वतःला विचारते: यातलं काय मला पंचायतीशिवाय मिळवता येईल?

माझ्यापुरतं सांगते. आमच्या मजल्यावर आम्ही चार मुली आहोत. चौघींच्या चार जाती, दोन धर्म. आता रविवारी रात्री एकीच्या खोलीत एकत्र जेवतो आणि चारही फोन बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवतो. आमचं फोनचं खोपटं! नियम एकच. कुणी आली नाही, तर बाकीच्यांनी दार वाजवायचं. आली नाही म्हणून कुणी रागवायचं नाही, का आली नाही ते खोदून विचारायचं नाही. फक्त दार वाजवायचं. आतून "आज नको" असा आवाज आला की परत फिरायचं.

सुरुवात करायची असेल तर 'द शनिंग' घ्या, मग त्याला जोडून फर्लाँग यांचं आत्मकथन. या क्रमानेच. आतून लिहिलेलं हवं असेल तर लिंडा बायलर. त्यांच्या गोष्टींत नायिका स्वयंपाकघरात दमतात, चिडतात, भावंडांशी भांडतात, आणि क्षितिजाकडे बघायला त्यांना फारसा वेळ मिळत नाही.

आणि मला एक कळवा. तुमच्या ओळखीत असं एखादं घर आहे का, ज्याच्याशी गाव बोलत नाही? किंवा बोलत नव्हतं? नावं नकोत, गावाचं नावही नको. फक्त सांगा की पहिल्यांदा कोण बोलायला गेलं आणि काय बोललं. पुढचा भाग त्यावर करायचा विचार आहे.

चला, माझी बॅटरी आता नऊ टक्के. भेटूया. तोवर शेजारचं दार वाजवून बघा.